गाडी पाणी पीत होती. ते कुठं जातं हे फाट्यावरच्या मिस्त्रीनं शोधून दिलं

दर्यापूरहून अंजनगावकडे निघालं की एका फाट्यावर कडुनिंबाखाली टिनाचं शेड लागतं. पाटी नाही. एका अंगाला पंक्चरचं दुकान, दुसऱ्या अंगाला चहाची टपरी. हे गॅरेज मला दोन महिन्यांच्या मनस्तापानंतर सापडलं. ज्यांच्या गाडीतलं पाणी कमी होतं पण खाली थेंब पडत नाही, त्यांनी इंजिनचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, उघडायला होकार देण्याआधी इथं एकदा यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. घर ते शाळा २६ किलोमीटर, येऊन-जाऊन ५२. त्या रस्त्यावर एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणून गाडी ही माझी चैन नाही, नोकरीचं साधन आहे. गाडी २०१५ ची, डिझेल. २०२१ मध्ये जुनी घेतली तेव्हा ९२,००० किलोमीटर चाललेली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो बिघाड निघाला तो कोणत्याही कंपनीच्या डिझेल गाडीत निघू शकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं. बॉनेट उघडून काच पुसायचं पाणी टाकत होते, तर शेजारची कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली खालच्या रेघेवर आलेली. महिनाभरापूर्वी ती वरच्या रेघेवर होती हे मला पक्कं आठवत होतं. खाली वाकून पाहिलं, फरशी कोरडी. घरच्या बोअरचं अर्धा लिटर पाणी टाकलं आणि विसरले. दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पाणी. असं चार वेळा केलं. त्या पाण्याबद्दल पुढं लिहिते, कारण त्याचा या गोष्टीत मोठा वाटा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना चिखलदऱ्याला घेऊन निघालो. परतवाड्यापर्यंत काही नाही. घाट लागला, गाडीत पाच जण, दुसऱ्या गिअरवर चढण, आणि गरमीचा काटा मधल्या खुणेवरून उठून वर सरकायला लागला. बाहेर हवा गार होती, सासूबाईंनी शाल घेतलेली. लाल दिवा लागला तशी मी गाडी कडेला घेतली. पाच मिनिटांत चार माणसं जमली आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, झाकण उघडा, पाणी टाका. एका ट्रकवाल्या भाऊंनी मात्र हात धरला. म्हणाले, "ताई, हात लावू नका. तासभर थांबा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बंद झाकणाखाली दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढं गेलं तरी उकळत नाही. एक बार जादा दाबाला साधं पाणी साधारण १२० अंशांना उकळतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हे मी वर्गात शिकवते. पण घाटात, सासूबाई घाबरलेल्या, मागून हॉर्न वाजून राहिलेले, तेव्हा माझाही हात झाकणाकडे गेला होता.

तासाभरानं थंड झालेल्या बाटलीत दीड लिटर पाणी मावलं. तशाच परत आलो.

मग शहरातलं मोठं सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही, माणसं वागायला चांगली होती. पहिल्या फेरीत त्यांनी बाटलीचं झाकण, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) आणि वॉटर पंप बदलला. बिल ११,४०० रुपये. का बदलला असं विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, या वयाच्या गाडीत हे जातंच." पंपाला गळती होती का, जुना थर्मोस्टॅट उघडत नव्हता का, हे कोणी दाखवलं नाही. मीही हट्ट धरला नाही.

घरी येऊन मी एक काम केलं, ज्याचा पुढं फार उपयोग झाला. लेकीचं लाल नेलपॉलिश घेऊन, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटलीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली. आणि गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली. रोज सकाळी किल्ली लावायच्या आधी पाहायचं, रेघेपर्यंत यायला किती पाणी लागलं ते मुलीच्या औषधाच्या मापानं मोजायचं आणि लिहायचं. त्यातल्या काही ओळी अशा:

१८ नोव्हेंबर, ५२ किमी, एकटी. १०० मिली.
१९ आणि २० नोव्हेंबर, निवडणुकीची ड्युटी, बसनं गेले, गाडी उभी. ० मिली.
२२ नोव्हेंबर, ५२ किमी. ९० मिली. सुरू करताना मागून पांढरी वाफ, दोन मिनिटं.
२४ नोव्हेंबर, अमरावती येऊन-जाऊन, पाच जण. ४५० मिली.

म्हणजे पंप, झाकण, थर्मोस्टॅट नवं असूनही पाणी जातच होतं. ३० नोव्हेंबरला पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी त्यांनी बाटलीच्या तोंडावर काचेची नळी बसवली, त्यात निळं द्रावण टाकलं आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढली. काही मिनिटांत निळ्याचं हिरवट झालं. त्यांनी काय दाखवलं हे मला लगेच कळलं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड द्रावणाला आम्लाकडे झुकवतो आणि दर्शकाचा रंग बदलतो, आमच्या प्रयोगशाळेतही ब्रोमोथायमॉल ब्लूची बाटली आहे. पाण्यात धुराचा वायू शिरतो आहे, म्हणजे हेड गॅसकेट, हेड आणि इंजिनच्या मधली सील, गेलं. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं (त्याचा तळ घासून सपाट करायचा), गॅसकेट आणि बोल्ट नवे, अंदाज ६२,००० रुपये, आणि "उघडल्यावर वाढू शकतं". रंग डोळ्यांदेखत बदलला होता, त्यामागचं रसायन मला येत होतं, म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्षही मी न तपासता मानला. सोमवारी शाळेत जाऊन शिक्षक पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज भरला.

अर्जावर जामीनदार म्हणून सही मागायला गेले तेव्हा आमच्या शाळेतल्या सरांनी विचारलं, कशाला हवे एवढे पैसे? ऐकून म्हणाले, सही करतो, पण त्याआधी शनिवारी फाट्यावरच्या मिस्त्रीला गाडी दाखवा. सरांच्या ट्रॅक्टरचं आणि गावातल्या निम्म्या पिकअप गाड्यांचं काम या मिस्त्रींकडेच असतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. ७ डिसेंबरला बारा वाजता गाडी कडुनिंबाखाली लावली. मिस्त्री पन्नाशीचे, सोबत पुतण्या, वीस-बावीसचा. मी सांगायला लागले की हेड गॅसकेट गेलं आहे, तर त्यांनी हात वर केला. "गॅसकीट राहू द्या मॅडम. गाडी काय करते ते सांगा. काय झालं ते मंग पाहू."

मी वही दिली. चष्मा लावून त्यांनी पानं उलटली आणि १९-२० नोव्हेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. "दोन दिवस उभी होती अन् थेंब नाई गेला?" नाही, म्हटलं. "मंग थंड्या गाडीतून बाहीर गळत नाई. गरम झाल्यावर, दाब आल्यावर जाते. अन् वजन असन, चढ असन तं जास्त जाते." मग विचारलं, वाफेला वास येतो का? येतो, म्हटलं, गोडसर. त्यांनी मान हलवली. पुतण्याला म्हणाले, "पानी बाहीर पडत नसन तं आतच जाते. आत जायाचे रस्ते मोजकेच हायेत. एकेक बंद करत जाऊ."

पुढचे तीन तास मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहिलं, आणि माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत त्या तीन तासांत आहे.

आधी फुकटात होणारी तपासणी. ऑईलची पट्टी काढली, बोटांवर चोळली, ऑईल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. पाणी ऑईलमध्ये गेलं असतं तर ते चहातल्या सायीसारखं फेसाळ, करडं दिसतं, तसं नव्हतं. कुलंटच्या बाटलीत ऑईलचा तवंग नव्हता, म्हणजे ऑईल कूलरही ठीक. मग डावीकडच्या सीटसमोरची चटई उचलून खालचा गालिचा हातानं दाबून पाहिला. मी विचारलं, हे कशाला? तर गाडीच्या हीटरचं छोटं रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतं, आपण विदर्भात हीटर कधी लावत नाही तरी त्यातून पाणी फिरतंच, आणि ते फुटलं की पाणी गालिच्यात मुरतं, रस्त्यावर एक थेंब दिसत नाही. गालिचा कोरडा होता. नवीन पंपाच्या खालचं छिद्र त्यांनी छोट्या आरशात पाहिलं. पंपाची सील गेली की तिथून पाणी पाझरून पांढरा-गुलाबी थर जमतो. तेही स्वच्छ.

मग त्यांनी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप काढला, त्याला दाब दाखवणारं घड्याळ. तो बाटलीच्या तोंडाला बसवला, इंजिनखाली खोक्याचे पुठ्ठे अंथरले आणि काटा १५ पीएसआयवर (दाब मोजायचं एकक) येईपर्यंत दाब भरला. म्हणजे साधारण एक बार, गाडी गरम असताना आत असतो तेवढा. आणि आम्ही सगळे गप्प बसलो. चहा आला. वीस मिनिटांत काटा १५ वरून ११ वर आला. पुतण्या टॉर्च घेऊन खाली शिरला, प्रत्येक होजवर, क्लिपवर, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या कडेवरून बोट फिरवलं. पुठ्ठा कोरडा.

"हे पाहा," मिस्त्री म्हणाले, "दाब उतरला अन् पुठ्ठा सुका. आतच जाते हे पक्कं झालं. आता आत कुठी, एवढंच उरलं."

इथं मी निळ्या द्रावणाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जे म्हणाले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे: "लिक्विडनं इतकंच सांगतलं का पान्यात धूर हाय. धूर कोन्या रस्त्यानं आला, ते त्याले काय मालूम?"

मग डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे चारही ग्लो प्लग काढले आणि त्या जागी मीटर लावून सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती दाबली जाते ते, मोजलं. ३८०, ३७५, ३८०, ३८५. चारही जवळजवळ सारखे. यावरून हेड गॅसकेट शंभर टक्के चांगलं आहे असं म्हणता येत नाही हे त्यांनीच सांगितलं, बारीक चीर कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही. म्हणून प्लग काढलेलेच ठेवून पुन्हा दाब भरला, अर्धा तास थांबले आणि मग पुतण्याला नुसता सेल्फ मारायला लावला. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असतं तर प्लगच्या छिद्रांतून फवारा उडाला असता. त्यांनी छिद्रांसमोर पांढरा कागद धरला होता. कागदावर काजळीचे चार ठिपके, ओल नाही.

संध्याकाळ झाली होती. म्हणाले, गाडी ठेवून जा. रात्री पुन्हा १५ चा दाब भरून ठेवतो, सकाळी या. हेड खोलायचं का, मी विचारलं. "हेड कुठी पयून चाललं का मॅडम? सगळ्यात शेवटी खोलू." घरी सोडायला पुतण्या मोटारसायकलवर आला.

रविवारी सकाळी आठला पोहोचले. घड्याळाचा काटा शून्यावर आलेला, पुठ्ठा तसाच कोरडा. मिस्त्रींनी इंजिनच्या मागच्या अंगाला हात घालून एक वाकडी, लोखंडी पन्हळीची नळी सोडवली. तिला ईजीआरचा पाइप म्हणतात. डिझेल इंजिनमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला काही भाग परत इंजिनात घेतात, त्यानं आतलं जळणं थोडं थंडावतं आणि नायट्रोजनचे घातक ऑक्साइड कमी तयार होतात. हा धूर फार तापलेला असतो, म्हणून तो आधी एका डबीतून नेतात. डबीच्या आत बारीक स्टीलच्या नळ्या, नळ्यांमधून धूर आणि नळ्यांभोवती आपलं कुलंट. हाच ईजीआर कूलर. म्हणजे गाडीत ही एक जागा अशी, जिथं धूर आणि पाणी यांच्यामध्ये कागदाएवढ्या पातळ पत्र्याची भिंत असते, आणि हेडशी तिचा काही संबंध नसतो.

त्यांनी पाइपचं तोंड माझ्याकडे केलं. कडेला काजळी होती तशीच, कोरडी, तव्याच्या बुडासारखी. पण तळाशी बोटभर पट्टा चकचकीत होता. तिथली काजळी धुऊन गेली होती, उरलेली ओली, काजळाच्या डबीत पाणी पडावं तशी. मिस्त्रींनी बोट फिरवलं, बोटाच्या टोकाला एक थेंब आला. फिकट हिरवा. दोन महिने मी जे शोधत होते ते त्या बोटावर होतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तरी ते थांबले नाहीत. कूलर पूर्ण काढला. त्याच्या पाण्याच्या दोन तोंडांपैकी एकात रबराचा बूच आणि क्लिप, दुसऱ्याला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी, आणि अख्खी डबी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवली, ट्यूब बुडवतात तशी. हवा सोडल्यावर धुराच्या तोंडातून एक बुडबुडा आला. थोड्या वेळानं दुसरा. पंक्चरवाले भाऊही काम सोडून बसले होते. मिस्त्री म्हणाले, थंड आहे म्हणून लाजून राहिलं. टपरीवरून उकळतं पाणी आणून घमेल्यात ओतलं. धातू तापला तशी चीर उघडली आणि बुडबुड्यांची माळच सुरू झाली, मोजता येणार नाही एवढी. माझ्या वहीतले १०० मिली आणि ४५० मिली यांच्यातला फरक त्या घमेल्यात दिसला. चढावर, वजनावर इंजिन जास्त तापतं, चीर जास्त उघडते.

निळं द्रावण हिरवं का झालं तेही उलगडलं. जोर लावताना धुराचा दाब एवढा वाढतो की त्याच चिरेतून धूर उलटा पाण्यात शिरतो. सर्व्हिस सेंटरची चाचणी बरोबरच होती. पाण्यात धूर होताच. तो हेडमधून आला की कूलरमधून, हे पाहायची एक पायरी त्यांनी गाळली आणि ६२,००० चा अंदाज दिला. हेड उतरवून, नवीन गॅसकेट घालून गाडी परत दिली असती तर तिसऱ्या दिवशी माझ्या नेलपॉलिशच्या रेघेखाली पाणी पुन्हा गेलं असतं.

नवीन कूलर अमरावतीहून यायला आठवडा लागणार होता. मला सोमवारी शाळा. त्यांनी पाण्याची दोन तोंडं एका पाइपनं थेट जोडली, धुराच्या वाटेवर पत्र्याची तात्पुरती पट्टी लावली आणि सांगितलं, मीटरवर पिवळा दिवा लागेल, घाबरू नका, पण चढावर गाडी ओढू नका आणि रोज वही लिहा. ९ ते १३ डिसेंबर, पाच दिवस, २६० किलोमीटर. पाचही दिवस शून्य मिली. हीच त्यांची शेवटची तपासणी होती, आणि नवीन भागाचे पैसे त्यांनी ती झाल्यावरच मागितले. पट्टी कायमचीच राहू दिली तर खर्च वाचेल असं पंक्चरवाले भाऊ म्हणाले, बरेच लोक तसं करतात. मिस्त्रींनी नकार दिला. धूर कमी करायला कंपनीनं लावलेली वस्तू आहे, मी ती काढून गाडी देत नसतो, एवढंच बोलले.

१४ डिसेंबरला कूलर बसला. खर्च असा: कूलर ८,६००, त्याचे गॅसकेट आणि क्लिपा ७५०, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर १,९००, मजुरी सगळ्या तपासण्या धरून ३,०००. एकूण १४,२५०. कुलंट भरताना त्यांनी हीटरचं बटण पूर्ण गरमवर फिरवलं, थर्मोस्टॅटच्या घराजवळचा हवेचा स्क्रू सैल केला आणि होज हातानं दाबत राहिले, जोपर्यंत स्क्रूतून बुडबुडे थांबून नुसतं कुलंट यायला लागलं नाही. आत हवेचा गोळा अडकला तर नवीन सामान घालूनही गाडी गरम होते. रेडिएटरचा पंखा दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत त्यांनी गाडी सोडली नाही.

एक गोष्ट त्यांनी न सांगता केली. समोरची जाळी काढून एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत टॉर्च मारला. तिथं कापूस होता. खरंच कापूस, सरकीसकट, गाजरगवताच्या बियांसकट, गोधडीच्या तुकड्यासारखा जमलेला. डिसेंबर म्हणजे वेचणीचा हंगाम, बाजार समितीकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडत असतो आणि मी रोज त्यांच्या मागून चालते. हवा जायला जागा राहिली नव्हती. बारीक धारेनं, आतून बाहेर, पाणी मारून त्यांनी तो काढला. घाटात काटा इतक्या झटकन का चढला, याचं अर्धं उत्तर त्या ढिगाऱ्यात होतं. आपल्या भागात गाडी चालवणाऱ्यांनी हंगाम संपला की ही फट पाहून घ्यावी. बाहेरून रेडिएटर स्वच्छच दिसतं.

आता पाण्याबद्दल. जुना कूलर मी मागून घेतला. मिस्त्रींनी तो करवतीनं उभा चिरून दिला. आतल्या नळ्यांवर पांढरट थर आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, एक-दोन आरपार. ते म्हणाले, "आपलं खारपान हाय मॅडम. गुरं पेत नाई ते पानी गाडीले पाजता?" मी खारपाणपट्ट्यातच वाढले. पूर्णेच्या खोऱ्यातलं, अमरावती, अकोला, बुलढाण्याचं हे खारं भूजल आहे. प्यायला शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं आणि बोअरचं पाणी वापरायला, ही घरोघरची रीत आहे. क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी अर्धा-अर्धा लिटर करत मी तेच पाणी दोन महिने ओतत राहिले. एवढ्यानं कूलर फुटला नाही, हे काही वर्षांचं काम आहे, असं मिस्त्री म्हणाले. गाडी घेतली तेव्हाच बाटलीतलं कुलंट जवळजवळ रंगहीन होतं, म्हणजे आधीच्या मालकांनीही पाणीच घातलं असणार. मी त्यात भर घातली, हे खरं आहे. आता डिकीत डिस्टिल्ड वॉटरची पाच लिटरची कॅन असते.

चिरलेला कूलर आज आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. जानेवारीत सातवीच्या मुलांनी एका स्टीलच्या झाकणात बोअरचं पाणी आणि दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर आटवलं. पहिल्या झाकणात पांढरी खपली उरली, दुसरं कोरडं आणि स्वच्छ. मग कूलर हातोहात फिरला. एका मुलानं विचारलं, बाई, आमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरात पण हेच पाणी टाकतात. घरी सांग, म्हटलं.

काय आवडलं नाही तेही लिहिते. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात. मला चाललं, ज्यांना कार्यालयात बिल जोडायचं आहे त्यांची अडचण होईल. बायकांसाठी काही सोय नाही. टपरीच्या मागच्या घरातल्या काकूंनी मला आपल्या घरी नेलं, पण दरवेळी कोणाच्या घरी जायला संकोच वाटतो. मिस्त्रींनी एवढं एक करावं, माझ्यासारख्या एकट्या येणाऱ्या बायकांची संख्या आता कमी नाही. फोन बहुतेक वेळा लागत नाही. एसी आणि वायरिंगचं काम ते घेत नाहीत, सरळ नाही म्हणतात. आणि १६ डिसेंबरला घरी आल्यावर खालच्या होजच्या क्लिपेशी मला एक थेंब दिसला, कसायची राहिली होती. संध्याकाळी घेऊन गेले तर त्यांनी पुतण्याला माझ्यासमोर विचारलं नाही, स्वतः वाकून क्लिप कसली, पुन्हा दाब भरून वीस मिनिटं काटा पाहिला आणि चूक माझीच, मी तपासायला पाहिजे होतं, असं म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना गाडी तिथं पोहोचावी म्हणून शक्य असल्यास आदल्या संध्याकाळीच लावून या. मंगळवारी बंद असतं. फोनवरून पैसे देता येतात. आणि जाण्याआधी आठ-दहा दिवस वही लिहून न्या, किती किलोमीटर, किती वजन, किती पाणी, गाडी उभी होती का, सुरू करताना वाफ येते का. माझी वही त्यांनी परत देताना पुतण्याला म्हटलं होतं, "असं गिऱ्हाईक आलं तं अर्धं काम घरूनच होऊन येते."

हे लिहिते आहे तो मार्चचा पहिला आठवडा. १४ डिसेंबरपासून गाडी ३,४०० किलोमीटर चालली, फेब्रुवारीत एकदा पुन्हा चिखलदऱ्यालाही गेली, तेच पाच जण, तोच घाट. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. सासूबाई वरपर्यंत मीटरकडेच पाहत होत्या. पतसंस्थेचा अर्ज मी डिसेंबरातच परत घेतला. आज सकाळी बॉनेट उघडलं तेव्हा कुलंट लाल रेघेला टेकलेलं होतं.